कवठदऱ्याच्या खिडकीतली कडक बिस्किटे

कवठदऱ्याच्या देवळात शिरलात की डाव्या हाताला एक खोल खिडकी लागते. आमच्याकडे जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो. भिंत दगडी, चांगली जाड, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूला रुंद कट्टा झाला आहे. त्या कट्ट्यावर काळपट तांबूस रंगाच्या चांदण्या दाटीवाटीने मांडलेल्या दिसतात. कुणाला त्या लाकडाच्या वाटतात, कुणाला विटेच्या. ती बिस्किटे आहेत. गूळ, मध, गव्हाचे पीठ आणि मसाला घालून घरी भाजलेली. मुंगी त्यांच्याकडे फिरकत नाही. एक-दोन चांदण्यांवर उंदराने दात लावून पाहिल्याच्या खुणा आहेत, पण नुसत्या खुणाच.

नाताळच्या सुट्टीत हल्ली पाहुणे येतात. हे जर्मन बिस्किटांचे गाव आहे असे त्यांनी कुठेतरी ऐकलेले असते. कुणाच्या तरी घरी बसून ते मऊ बिस्किटे खातात, बोटांना दालचिनी-लवंगेचा वास घेऊन देवळात येतात, खिडकीचा फोटो काढतात आणि म्हणतात, "किती गोड प्रथा आहे!" देवळाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून ही बिस्किटे इथे का ठेवली ते मलाच विचारतात.

ही प्रथा गोड नाही. ती रागातून निघाली आहे आणि तो राग अजून संपलेला नाही. समोरासमोर सांगायला गेलो की माझा आवाज चिरकतो आणि निम्मे पोटातच राहते, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. मी खालच्या आळीतला आहे. माझ्या आत्याने सांगितले आणि आत्याला तिच्या सासूने सांगितले, तसेच सांगतो.

कवठदऱ्यात दोन आळ्या. ओढ्याच्या अलीकडे वरची, पलीकडे खालची. दोन्हीकडे सगळी घरे ख्रिस्ती. असे सांगतात की वरच्या आळीने बाप्तिस्मा आधी घेतला आणि खालच्या आळीने काही वर्षांनी. दोन्ही वेळा पाणी एकाच घंगाळातले होते. पण वरच्या आळीने जुने देव सोडले तरी जुना विटाळ काही सोडला नाही. राग येतो तो याचा, की विटाळ म्हणजे काय हे त्या माणसांना चांगले माहीत होते. मोठ्या गावातल्या विहिरीवर त्यांना स्वतःला चढू देत नव्हते. पाण्यासाठी त्यांनी तासन्‌तास उन्हात वाट पाहिलेली होती. आणि तरी देवळात ते पुढे बसत आणि खालच्या आळीला दाराशी बसवत.

खाण्यापिण्याचेही तसेच. खालच्या आळीच्या बायका माळावरचे पेरू पाटीत घालून विकायला आणत. आख्खा पेरू वरच्या आळीत चालायचा. चिरलेला चालायचा नाही. सालीला विटाळ लागत नाही, गराला लागतो, असा त्यांचा शोध होता.

अशा गावात म्हणे एक जर्मन बाई राहायला आली. तिचे नाव गेर्डाबाई. नवरा वारला होता आणि ती ओढ्याच्या काठावरच्या बंगल्यात दवाखाना चालवायची. खरूज, ताप, बाळंतपण, सगळे बघायची. थंडी पडली की तिला आपल्या मुलखाची आठवण यायची आणि नाताळसाठी ती तिकडची मसाल्याची बिस्किटे करायची.

ती करायची रीत आजही घरोघर तीच आहे. गूळ आणि मध मंद आचेवर पातळ करायचा. त्यात पीठ, दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा, सुंठ, धण्याची पूड आणि संत्र्याची वाळवलेली साल कुटून घालायची. तूप नाही, अंडे नाही. पीठ फुगवायला तिकडून आणलेला खार संपला तेव्हा पापडखार घालून पाहिला, तोच पुढे कायम झाला. हे पीठ फार घट्ट असते. मळताना खांद्यापर्यंत कळ जाते. मग ते बरणीत मुरू द्यायचे, लाटून पत्र्याच्या साच्याने चांदण्या पाडायच्या आणि भाजायच्या.

गेर्डाबाईची मनगटे संधिवाताने धरलेली होती. हे पीठ तिला मळवत नव्हते. बंगल्यात झाडलोटीला खालच्या आळीतली एक विधवा बाई यायची. तिचे बाप्तिस्म्याचे नाव सलोमी, पण वरच्या आळीच्या तोंडी ते कधी आले नाही. ते तिला जुन्याच नावाने हाक मारत, "ए ठकी!" मागच्या स्वयंपाकघरात पीठ मळायची ती ही सलोमीबाई.

पहिल्या वर्षी बिस्किटे भट्टीतून निघाली तेव्हा सलोमीने एक दाताखाली धरून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"बाई, सगळं वाया गेलं. ह्याच्यावर कोयता घासून घ्यावा असं झालंय!"

गेर्डाबाई हसली म्हणे. तिने बिस्किटे मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरली. तिकडे अशा वेळी डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात. इथे सफरचंद कुठले? तिने सलोमीला पेरू चिरायला सांगितला आणि त्याची ओली फोड वाटीत घालून डब्यात ठेवली. एक दिवसाआड जुनी काढायची, ताजी ठेवायची. बिस्किट फोडीचा ओलावा हळूहळू पिते. नाताळ येईपर्यंत तोच दगड जिभेवर विरघळण्याइतका मऊ होतो.

नाताळच्या दिवशी उपासना झाली की गेर्डाबाई देवळाच्या पायरीवर उभी राहून स्वतःच्या हाताने बिस्किटे वाटायची. वरची आळी मिटक्या मारत खायची. गोऱ्या हातातून आले की विटाळ वाटेतच गळून पडत असावा. पीठ कोण मळते हे तिने कधी सांगितले नाही. कुणी विचारलेच नाही, म्हणून सांगितले नाही, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वरच्या आळीच्या बायका सलोमीला पाहून पदर आवरून घेतात हे तिला रोज व्हरांड्यातून दिसत होते. दवाखाना चालायला हवा, म्हणून गप्प राहिली असेल. पण गप्प राहिली.

मग पहिली मोठी लढाई पेटली. सरकारने जर्मन माणसांना पकडून छावणीत ठेवायला सुरुवात केली. गेर्डाबाईला न्यायला पोलीस आले तेव्हा नाताळ अगदी तोंडावर होता. डबा भरून तयार होता, बिस्किटे मऊ झाली होती. तिने साचा आणि मसाला कुटायचा खलबत्ता सलोमीला दिला. डबा मात्र दिला इलियाजीकडे, मंडळीत वाटायला. इलियाजी हा वरच्या आळीचा पंच. गेर्डाबाई बैलगाडीत बसून गेली. ती पुन्हा आली नाही.

त्या नाताळला देवळात काय झाले ते आमच्या आळीतल्या कुणालाही विचारा, आवाज चढल्याशिवाय सांगणार नाही.

पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तालुक्याहून घोड्यावर येत. उपासना उरकून ते पुढच्या गावाला गेले. मग इलियाजीची बायको सुवार्ताबाई डबा घेऊन पायरीवर बसली. वरच्या आळीतल्या माणसाच्या हातावर ती बिस्किट ठेवायची. खालच्या आळीतल्या माणसाच्या ओंजळीत वरून टाकायची. सलोमीची मुलगी तबीथा तेव्हा लहान होती. उपासनेआधी काही खायचे नाही म्हणून सकाळपासून उपाशी होती. तिच्या ओंजळीत टाकलेले बिस्किट निसटले, पायरीवर पडून फुटले आणि कुत्र्याने पळवले. पोर क्षणभर बघत राहिली. मग तिने सरळ डब्यात हात घालून दुसरे घेतले.

सुवार्ताबाईने तिच्या हातावर असा फटका मारला की बिस्किट लांब जाऊन पडले.

"मेले, आख्खा डबा बाटवलास! आता हे कुणी खायचं?"

इलियाजीने डब्याकडे पाहिले आणि म्हणाला, "ओता तिकडं. कावळे खातील."

देवळासमोर चिंच होती. तिच्या बुंध्याशी सगळा डबा उपडा केला.

सलोमी मागून गर्दी सारत आली. रडणाऱ्या पोरीला तिने उचलले नाही, आधी पंचासमोर जाऊन उभी राहिली.

"कशापायी ओतलं?"

"तुझ्या पोरीनं हात घातला, ठकी. नाटक नको."

"आन् पीठ कुणी मळलं व्हतं?"

"कुणी म्हंजे? बाईंनी."

"बाईंच्या मनगटात चमचा धरायचं बळ नव्हतं. ह्या हातांनी मळलंय. दर वर्षी ह्याच हातांनी. फोडी मीच चिरल्या, डबा मीच भरला. पंच, तुम्ही तर हात पुढं करून दुसरं मागून घ्यायचा. काय झालं? अंगावर फोड उठले का?"

मागे उभ्या असलेल्या खालच्या आळीतून कुणीतरी मोठ्याने हसले. वरच्या आळीच्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून ओढ्याकडे धावल्या आणि चुळा भरू लागल्या. मागच्या वर्षीचे खाल्लेले आता थुंकून टाकायला निघाल्या होत्या!

तेव्हा म्हणे सलोमीबाई पायरीवरून खाली उतरली, चिंचेखालचे एक बिस्किट उचलले आणि सगळ्यांदेखत बोलली.

"ऐका. माझा हात तुमच्या डब्याला लागल्याबिगर असलं एकसुद्धा बिस्किट तुमच्या घरात मऊ व्हायचं न्हाई. आन् ज्या हातानं माझ्या लेकीच्या हातातलं पाडलं, त्याच हातानं ते परत तिच्या हातावर ठेवावं लागंल. तवर मी ही पायरी चढायची न्हाई."

आणि ती चढली नाही. पुढची कैक वर्षे ती दर रविवारी चिंचेखाली बसून उपासना ऐकायची. ऊन असो, पाऊस असो. आतून कुणी बोलवायला आले नाही, आणि आले असते तरी ती गेली नसती.

पुढच्या थंडीत वरच्या आळीच्या बायकांनी ठरवले, आपणच करू, त्यात काय आहे! जिन्नस त्यांनी पाहिले होते, वास तर पाठ होता. त्यांनी परातीत पीठ मळले, पातेल्यात वाळू तापवून बिस्किटे भाजली. रंग तोच आला, वासही तोच. आणि खायला घेतली तर दगड! त्यांना बिस्किट मिळायचे ते नेहमी मऊ झालेलेच. मधे ते कडक असते हेच कुणाला ठाऊक नव्हते. इलियाजीने सगळ्यांसमोर जोर करून चावले आणि त्याची दाढ गेली. पोरांनी त्या बिस्किटांची लगोरी मांडली. ओढ्यापलीकडून आमच्या आळीतली माणसे ओरडायची, "पंच, उरली असतील तर तीन इकडं द्या, चूल मांडतो!"

पुढे कधीतरी ओस पडलेल्या बंगल्यात त्यांना एक जुना डबा सापडला आणि त्यात वाटीला चिकटलेली पेरूची वाळकी फोड. मग त्यांना उलगडा झाला. त्यांनी खालच्या आळीच्या बाईकडून पेरू विकत घेतले आणि आख्खेच डब्यात ठेवले. सवयीप्रमाणे. साल शाबूत, विटाळ नाही. पेरू डब्यात पिकले, सडले, बिस्किटे तशीच राहिली. मग स्वतःच्या विळीवर चिरून ठेवले, तर फोडीला बुरशी आली आणि सगळा डबा हिरवा झाला. फोड एक दिवसाआड बदलायची असते हे त्यांना माहीत नव्हते, एवढेच त्याचे कारण, असे शहाणी माणसे सांगतात. आमच्या आळीत तसे सांगत नाहीत. वरच्या आळीत त्या वर्षांत भाजलेले एकही बिस्किट मऊ झाले नाही, असे सांगतात.

अशी वर्षे गेली. लढाई संपली. तबीथा हाताखाली आली, आईबरोबर पेरूच्या पाट्या वाहू लागली. सलोमी दर थंडीत खालच्या आळीत घरोघर बिस्किटे करून द्यायची. त्यांचा वास ओढा ओलांडून वर जायचा. वास मात्र त्यांना चालायचा.

मग इलियाजीची आई, बायजाआई, अंथरुणाला खिळली. फार म्हातारी झाली होती, तोंडात एक दात नव्हता. भाकरी नको, पेज नको, काही नको. विचारले की एकच म्हणायची, "बाईंचं बिस्किट दे रे. मऊ असलेलं." इलियाजी वाईट मुलगा नव्हता. आईसाठी त्याने तालुक्याच्या बाजारातून केक आणला, तिने तोंड फिरवले. घरातल्या डब्यात त्या वर्षीची बिस्किटे होती. तिला ती दाखवून त्याने दुधात बुडवून ठेवली, तर बाहेरून चिखल आणि आतून खडा. म्हातारीने ती थुंकली आणि लहान पोरासारखी रडली.

इलियाजीने आधी गडी पाठवला. सलोमीने निरोप धाडला, "ज्याच्या आईला पाहिजे, त्यानं यावं."

तो आला. ओढा ओलांडून खालच्या आळीच्या तोंडाशी थांबला आणि तिथूनच हाक मारली.

"ए ठकी!"

कुणी ओ दिली नाही. दारात पेरू निवडत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "कोण ठकी? वारली ती. घंगाळात बुडवली तवाच."

बायका खदखदून हसल्या. इलियाजी तिथेच उभा राहिला. परत फिरायला वळला, पण आईचे रडणे आठवले असावे. शेवटी तो आळीत शिरला आणि सलोमीच्या दारापुढे येऊन, खाली बघत म्हणाला, "सलोमीबाई."

"या पंच. बसा."

"बसायला आलो न्हाई. आईला..."

"ठावं हाय. बसा म्हणते ना."

तो बसला. तिने तांब्या पुढे केला. तो तांब्याकडे बघत राहिला. सगळी आळी बघत होती. आत्या सांगते, तेवढ्या वेळात झाडावरचा पेरू पिकून खाली पडला असता. मग त्याने तांब्या उचलला आणि पाणी प्याला.

सलोमीने विळी ओढली. एक पिकला पेरू घेतला, चिरला आणि फोड पुढे धरली. इलियाजीने खांद्यावरचे उपरणे पसरले.

"फडक्यात न्हाई. हातावर."

त्याने तळहात पुढे केला. तिने ओली फोड त्यावर ठेवली.

"मूठ झाकायची न्हाई. असाच उघडा हात घेऊन घरापातूर जायचं. आन् एका फोडीनं भागत न्हाई. परवा परत या."

तो एक दिवसाआड येत राहिला. दर वेळी पाणी प्याला, दर वेळी उघड्या तळहातावर फोड घेऊन ओढा ओलांडून, वरच्या आळीच्या मधून घरी गेला. कुणी दार लावून घेतले, कुणी पाठ फिरवली. त्याच्या चुलत्याने त्याला पंगतीतून उठवण्याची धमकी दिली म्हणे. पण डब्यातली बिस्किटे मऊ होत होती. जी इतकी वर्षे वरच्या आळीत कुठल्याच घरात झाली नव्हती, ती झाली.

बायजाआईने बिस्किट खाल्ले. हिरड्यांनी चघळत, डोळे मिटून, सावकाश. इलियाजीला राहवले नाही. तो म्हणाला, "आई, फोड सलोमीनं दिलीय. तिच्या हातची."

म्हातारीने डोळे उघडले नाहीत. "मला ठावं हाय. पीठबी तीच मळायची. मलम आणाया मी मागच्या दारानं जायची, तवा बघितलंय. पहिल्या वर्षापासून."

"मग तू त्या दिवशी बोलली का न्हाईस?"

म्हातारीने हात पुढे केला. दुसरे बिस्किट मागितले.

गोष्ट इथपर्यंत आली की पाहुण्यांचे डोळे भरून येतात. मला तिचा सगळ्यात जास्त राग येतो. पोरीच्या हातावर फटका बसला तेव्हा ती तिथे पायरीजवळ, सगळ्यांच्या पुढे उभी होती.

बायजाआई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. सलोमी तिच्या मातीला गेली, कबरीवर मूठभर माती टाकली आणि तिथेच इलियाजीला म्हणाली, "फोडीचं झालं, पंच. दुसरं अजून ऱ्हायलंय."

त्या नाताळला पायरीवर पुन्हा डबा आला. सुवार्ताबाईचे केस पिकले होते. ती तयार नव्हती म्हणतात. इलियाजीने तिला काय सांगितले कुणाला ठाऊक नाही, पण ती आली. सगळी मंडळी बाहेर उभी होती, दोन्ही आळ्या. सलोमी चिंचेखाली. तबीथाला पुढे बोलावले. ती आता लग्नाला आलेली, उंच, पाट्या वाहून खांदे भरलेली बाई होती. सुवार्ताबाईने डब्यातून एक बिस्किट काढले. तिने तबीथाच्या तोंडाकडे पाहिले नाही. ते लाजेने की किळसेने, यावर आमच्याकडे अजून भांडण होते. तिने ते तबीथाच्या तळहातावर ठेवले. वरून टाकले नाही, ठेवले.

"घे बाई," ती म्हणाली. "खा."

तबीथाने बिस्किट उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग ती जे बोलली ते आमच्या आळीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे.

"मला तवा भूक लागली व्हती."

एवढेच. ती पायऱ्या चढून आत गेली, डावीकडच्या खिडकीत हात लांब केला आणि बिस्किट कट्ट्यावर ठेवून बाहेर आली. सुवार्ताबाईचा हात अजून तसाच पुढे होता.

सगळ्यांनी सलोमीकडे पाहिले. आई आता लेकीला दटावेल, पंचाचा मान राखायला सांगेल, असे वाटले. सलोमी उठली. चिंचेखालून चालत आली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती पायरी चढली. आत जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. बिस्किट जरा तिरके पडले होते. तिने ते सरळ करून ठेवले.

तेव्हापासून कवठदऱ्यात दोन गोष्टी पाळतात. एक, डब्यातली पेरूची फोड आपल्या घरची चालत नाही. दुसऱ्या आळीतल्या घरी जाऊन, नावाने हाक मारून, बसून, पाणी पिऊन मागायची आणि उघड्या तळहातावर आणायची. दुसरी गोष्ट तबीथाबाईने म्हातारपणी घालून दिली. त्या वर्षात गावात कुणाला दारातून परत लावले असेल, कुणाचे ताट वेगळे मांडले असेल, तर ज्याने ते पाहिले त्याने आपल्या डब्यातले एक बिस्किट फोड न लावता, कडकच, खिडकीत आणून ठेवायचे. पाहून गप्प बसायचे नाही. आणि ज्या वर्षी असे काहीच घडणार नाही, त्या वर्षी काही ठेवू नये. कट्टा झाडून घ्यावा आणि खिडकी उघडी टाकावी.

आता मला जे दिसते ते सांगतो. वरच्या आळीतली काही घरे फोड आणायला ड्रायव्हरला पाठवतात, प्लास्टिकच्या पिशवीत. काही जण बाजारातला पेरू चिरतात आणि खालच्या आळीतला म्हणून सांगतात. मंडळीच्या कमिटीत एकाने सुचवले की कट्टा रंगवून घेऊ, बिस्किटे काचेच्या कपाटात ठेवू, पाहुण्यांना बरे दिसेल. मी किल्ली दिली नाही. आणि नुसती वरच्या आळीची नावे घेऊन मी सुटणार नाही. परवा ऊसतोडीला आलेली एक बाई आमच्या आळीत पाणी मागायला आली, तर आमच्याच माणसांनी तिच्या ओंजळीत वरून ओतले. सलोमीबाईच्या आळीत! मी ते पाहिले. त्या दिवशी मला बोलता आले नाही. मग मी घरी जाऊन पीठ मळले.

आजही नाताळच्या आदल्या रविवारी उपासना संपली की माणसे एकेक करून डाव्या खिडकीशी येतात, खिशातून, पदरातून चांदणी काढतात आणि न बोलता कट्ट्यावर ठेवून जातात. कट्ट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून जी सगळ्यात काळी चांदणी आहे, ती पहिली, असे सांगतात. ती मऊ होती, आता तीही दगड झाली आहे. तिच्यापुढे एवढ्या वर्षांच्या इतक्या चांदण्या साठल्या आहेत की खिडकीचे दार लागतही नाही आणि पुरते उघडतही नाही. तबीथाबाईने सांगितले तसा कट्टा झाडून घ्यायचे वर्ष गावात अजून एकदाही आलेले नाही.